कृपाचे विषय

कृपा आमच्याकडे आली ती जूनमध्ये, दिल्लीतल्या द्वारकेत दुपारच्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही अशा दिवसांत. मामांच्या साखर कारखान्यातले एक साहेब सहकुटुंब दिल्लीला येणार होते, त्यांच्यासोबत मामांनी तिला पाठवलं होतं. साहेब कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसमध्ये उतरले होते. पप्पा आणि मी तिला आणायला गेलो, तेव्हा ती आवारातल्या झाडाखाली बॅगेवर बसून होती. आत पंखा होता, पण साहेबांच्या बायकोने 'आत ये' म्हटलं नव्हतं आणि ही विचारणाऱ्यांतली नव्हती. पप्पांनी बॅग उचलली आणि त्यांचा खांदा एकदम खाली गेला. आत बाजरीचं पीठ होतं, शेंगदाण्याची चटणी होती, आणि वर्तमानपत्राच्या चार पदरांत गुंडाळलेली सुकट होती. मेट्रोच्या डब्यात आमच्या आजूबाजूची माणसं हळूहळू दूर सरकत गेली आणि आम्हाला तिघांना ऐसपैस बसायला मिळालं.

कृपा माझ्या मम्मीच्या सख्ख्या भावाची मुलगी, माझ्याहून वर्षभराने लहान. मामी वारल्या तेव्हा ती आठवीत होती. घरात मामा आणि दोन मोठे भाऊ. तिघांनाही चहाच्या पलीकडे काही करता येत नव्हतं, खरं तर चहासुद्धा नाही. तेव्हापासून सकाळच्या भाकरी थापून ही शाळेत जायची आणि शाळेतून आली की पुन्हा चुलीपुढे. म्हणजे गॅस होता, पण ती 'चूल'च म्हणायची. दहावीला तिला चांगले मार्क पडले, शाळेत दुसरी आली. मम्मीने त्याच संध्याकाळी भावाला फोन लावला आणि सांगितलं, की पोरगी माझ्याकडे पाठव, मी माझ्याच शाळेत घालते. मामा नाही-नाही म्हणत शेवटी कबूल झाले. पण त्यांनी एक अट घातली, आणि ती आम्ही सगळ्यांनी ऐकली, कारण मम्मी फोन स्पीकरवर ठेवूनच स्वयंपाक करायची. "शिकू दे," मामा म्हणाले, "पण नापास झाली की परत. मग मी कुणाचं ऐकणार नाही. इथं स्थळं येतातच आहेत."

मम्मीची शाळा म्हणजे माझीही शाळा, आमच्या सेक्टरच्या शेजारच्या सेक्टरातली. मम्मी तिथे शिकवायची, पण तिची खरी ओळख वेगळी होती. दहावी झालेल्या मुलांनी अकरावीला कोणते विषय घ्यावेत, कोणत्या विषयांनी पुढे कोणती वाट उघडते आणि कोणती कायमची बंद होते, हे सांगायचं काम तिच्याकडे होतं. जूनभर आमच्या घरचा फोन थांबायचा नाही. "अलका मॅम, पीसीएम मिल जाएगा ना?" "अलका मॅम, बच्चा मॅथ्स छोड़ना चाहता है, आप समझाइए।" काही पालक तर मिठाईचा डबा घेऊन थेट दारात उभे राहायचे आणि मम्मी तो डबा त्यांच्याच हातात परत देऊन त्यांना आत घ्यायची. आई-वडील बोलायला लागले की ती ऐकून घ्यायची, मग मुलाकडे वळून म्हणायची, "अब तुम बताओ।" एखादा बाप म्हणायचा, "ये क्या बताएगा मॅम, बच्चा है।" त्यावर मम्मीचं ठरलेलं उत्तर होतं : "पढ़ना तो इसी को है।" मी बारावीत जाणार होते, कॉमर्स घेतलं होतं, तेही स्वतःच्या मनाने. त्यामुळे माझी मम्मी म्हणजे जगातली सर्वांत न्यायी बाई, असं मी समजून चालले होते.

कृपा घरात रुळली असं म्हणवत नाही, पण घराला तिची सवय झाली. विमानतळ जवळ असल्यामुळे आमच्या डोक्यावरून सतत विमानं जायची. आम्हाला ती ऐकूच यायची नाहीत. ती मात्र प्रत्येक वेळी हातातलं काम थांबवून वर बघायची, अगदी स्वयंपाकघराच्या छताकडेसुद्धा. एकदा मी विचारलं, काय बघतेस? तर म्हणाली, "एवढं जड वर कसं राहतं, तेच." तिने पहिल्याच रविवारी चर्चहून आल्यावर सुकट केली, कांदा-लसूण घालून, कोरडी. त्या वासाने पप्पा आंघोळीतून ओरडले, "कोण करतंय गं?" आणि शेजारच्या भाटिया आंटींनी बेल वाजवून विचारलं, "भाभी, गटर तो नहीं खुला कहीं?" आम्ही इतके हसलो की मम्मीला दार लावून घ्यावं लागलं. जेवणाआधीची प्रार्थना त्या दिवशी पप्पांनी कृपाला करायला सांगितली. तिने डोळे मिटून जी प्रार्थना केली तीत 'कृतज्ञ', 'अनाथांचा कैवारी', 'आमची मर्यादा' असे शब्द येत होते. मी एक डोळा उघडून तिच्याकडे बघत राहिले. माझं मराठी म्हणजे 'यार मम्मी, बिल्कुल भूक नाहीये' एवढंच उरलं होतं. आपल्याच भाषेत कुणीतरी आपल्यापेक्षा श्रीमंत आहे, असं मला पहिल्यांदा वाटलं.

विषयांचं मात्र कुणी तिला विचारलं नाही. मम्मीने ठरवून टाकलं होतं : ह्युमॅनिटीज. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, होम सायन्स, आणि इंग्रजी तर असतंच. कृपा मराठी माध्यमातली होती, तेही पूर्ण मराठी. गणित आणि विज्ञानसुद्धा मराठीतून. पप्पांनी एकदा चहा पिताना विषय काढला. "अलका, तिला विज्ञानात सगळ्यांत जास्त मार्क आहेत. विचार तरी तिला."

"विचारून काय करू?" मम्मी म्हणाली. "हो म्हणाली तर? अकरावीचं फिजिक्स इंग्रजीतून, पहिल्याच वर्षी. इथली मुलं नववीपासून क्लास लावून बसलेली असतात. ती आपटणार, आणि दादा दुसऱ्या दिवशी तिला न्यायला येणार. ह्युमॅनिटीजमध्ये ती पास तर होईल."

"लोकांच्या मुलांना तू असं सांगत नाहीस."

"लोकांच्या मुलांना नापास झाल्यावर कुणी गाडीत बसवून लग्नाला नेत नाही."

मला तेव्हा वाटलं, मम्मीचं बरोबर आहे. आणि कृपा? ती खिडकीशी कोथिंबीर निवडत होती. तिने देठ आणि पानं वेगळी केली, देठ फेकले नाहीत, चटणीला ठेवले. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही.

आज माझी मुलगी नववीत आहे. गुरुग्रामच्या तिच्या शाळेत पुढच्या चार वर्षांचा आराखडा मुलांना स्क्रीनवर मांडायचा असतो. विषयाला बोट लावलं की त्याच्या पुढच्या वाटा उजळतात, दुसऱ्याला लावलं की काही विझतात. ती सोफ्यावर आडवी पडून एका हाताने हे करते, दुसऱ्या हाताने चिप्स खाते. मी तिच्या मागे उभी असते आणि काहीही बोलायचं नाही असं स्वतःला बजावत असते. तिला ते कळतं. "मम्मा, तू श्वास का रोखून धरतेस?" असं ती विचारते.

आमच्या वेळी, दुसऱ्या बोर्डातून येणाऱ्या मुलांना आमची शाळा जूनच्या शेवटी बोलावायची. प्रिन्सिपल मॅम आणि त्या-त्या विषयाचे शिक्षक समोर बसायचे, मुलाशी बोलायचे, आणि कोणत्या शाखेत घ्यायचं ते तिथेच ठरायचं. बारावीतल्या आम्हा काही जणांना मदतीला ठेवलेलं असायचं, म्हणजे नव्या मुलांना पाणी द्या, वर्ग दाखवा, कुठल्या विषयात किती प्रोजेक्ट असतात ते खरं-खरं सांगा. कृपा नात्यातली म्हणून मम्मीने तिच्या मुलाखतीतून अंग काढून घेतलं होतं. पण खोली तीच होती. मम्मी भिंतीकडच्या टेबलावर एका पंजाबी कुटुंबाला अर्थशास्त्र आणि गणिताची जोडी समजावत बसली होती, आणि मधल्या मोठ्या टेबलाशी प्रिन्सिपल मॅमसमोर कृपा. तिचं इंग्रजी पुस्तकी आणि अडखळतं, हिंदी टीव्हीवरचं. म्हणून मॅमनी मला हाक मारली. "तुम इसकी बहन हो ना? बैठो, ट्रान्सलेट करो।"

मी कृपाच्या शेजारी बसले. टेबलाखाली मी तिचा हात धरला. मॅमनी हसून इंग्रजीत विचारलं, की ह्युमॅनिटीज का घ्यावंसं वाटतं? मी मराठीत सांगितलं. कृपाने टेबलावरच्या काचेकडे बघितलं. काचेखाली शाळेचं वेळापत्रक होतं. मग ती म्हणाली, अगदी सरळ आवाजात, जशी प्रार्थना करायची तशी :

"मला ह्युमॅनिटीज नको आहे. आत्याने एवढं केलं माझ्यासाठी, म्हणून मी घरी बोलले नाही. पण इथं विचारलंय म्हणून सांगते. मला सायन्स पाहिजे."

त्या खोलीत हे कळलेल्या आम्ही तिघीच होतो. भिंतीकडचं अर्थशास्त्र थांबलं. मी मान वळवली. मम्मी माझ्याकडेच बघत होती. तिने चेहरा अजिबात न हलवता, जणू मला पेन मागते आहे अशा स्वरात, मराठीत म्हटलं, "जुई, सांग की ती घाबरली आहे. नंतर बोलेल म्हणावं."

मॅम माझ्याकडे बघत होत्या. "हाँ, क्या कहा इसने?"

मम्मी वाईट हेतूने म्हणत नव्हती, हे मला माहीत होतं. मामांचा स्पीकरवरचा आवाज माझ्या कानात होता. मी खरं सांगितलं आणि कृपा नापास झाली, तर तिला परत पाठवणाऱ्यांत मीही एक असणार होते. आणि खोटं सांगितलं, तर ते खोटं आहे हे कृपाला लगेच कळणार होतं, कारण इतपत इंग्रजी तिला कळत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने मला विनंतीही केली नाही. तिने फक्त मी धरलेला हात सोडवून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला, म्हणजे मला मोकळं केलं. निदान मला तसं वाटलं.

मी इंग्रजीत सांगितलं, "मॅम, ती म्हणते तिला ह्युमॅनिटीज नको. तिला सायन्स हवंय. घरी सांगायला संकोच वाटला, म्हणून इथे सांगते आहे."

मम्मीच्या टेबलाकडे मी परत पाहिलं नाही. पंजाबी बाईंचा आवाज तेवढा आला, "मॅम? आप कुछ कह रही थीं?"

प्रिन्सिपल मॅम कठोर नव्हत्या, पण कामाचा माणूस. त्यांनी कृपाचे मार्क पुन्हा पाहिले आणि फिजिक्सच्या तिवारी सरांना बोलावून घेतलं. तिवारी सर म्हणजे उंच, खांदे उतरलेले, शर्टाच्या खिशाला कायम निळा डाग. मला ते कधी शिकवायला नव्हते, पण त्यांच्या वर्गातून रडत बाहेर येणारी मुलं मी पाहिली होती. ते खुर्ची ओढून बसले आणि इंग्रजीत म्हणाले, की चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यांत वरच्या ठिकाणी काय होतं?

मी सांगितलं. कृपाचा चेहरा बदलला. भाजी नीट झाली का हे बघताना बाईचा चेहरा जसा होतो तसा, पूर्ण कामात. "वर गेल्यावर वेग शून्य होतो," ती म्हणाली. "पण त्वरण शून्य होत नाही. ते खालच्याच दिशेने असतं, सारखं तेवढंच."

वेग मला कळला. त्वरण नाही. मी दहावीपर्यंत सायन्स शिकले होते, पण इंग्रजीतून. हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. "ती म्हणते वेग शून्य असतो," मी सुरुवात केली, "पण... काहीतरी शून्य नसतं."

"काय शून्य नसतं?" सरांनी विचारलं.

"काय शून्य नसतं?" मी कृपाला विचारलं.

"त्वरण."

"म्हणजे?"

"त्वरण म्हणजे... त्वरण." ती गोंधळली. तिने हाताने वर-खाली करून दाखवलं. "वेग बदलतो ना, तो किती बदलतो ते." मी ते इंग्रजीत जुळवायला लागले आणि माझी वाक्यं एकमेकांत अडकत गेली. घड्याळाचा काटा ऐकू येत होता. प्रिन्सिपल मॅमनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, संपलं. हिला येतंय आणि माझ्यामुळे, माझ्या मराठीमुळे, हे सगळं संपलं.

"रुको," तिवारी सर म्हणाले. ते पुढे वाकले. "क्या बोली ये? फिर से बोलो बेटा।"

"त्वरण," कृपा म्हणाली.

"त्वरण!" सरांनी मांडीवर थाप मारली. आणि ते बदललेच. त्यांच्या इंग्रजीत जो एक ताठा होता तो गेला आणि आतून उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा कुठलासा मोकळा गडी बाहेर आला. "अरे मॅडम, ये तो वही है। हमने भी इंटर तक यही पढ़ा है, हिंदी में। त्वरण, संवेग, जड़त्व।" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम रहने दो।" आणि मग ते दोघंच बोलत राहिले. सर हिंदीत, ती मराठीत. बस थांबते तेव्हा आपण पुढे का जातो? जडत्व. पाण्यात काठी वाकडी का दिसते? अपवर्तन. संवेग म्हणजे काय? "वस्तुमान गुणिले वेग," कृपा म्हणाली.

सर थांबले. "वस्तुमान?"

"मास, सर," मी म्हटलं. तेवढं एक मला येत होतं, मम्मीच्या तोंडून कधीतरी ऐकलं होतं म्हणून.

"हमारे यहाँ द्रव्यमान कहते हैं," सर खूश होऊन म्हणाले. "और बेटा, बनना क्या है? डॉक्टर? इंजिनियर?"

कृपाने माझ्याकडे पाहिलं. "बनायचं काय ते माहीत नाही," ती म्हणाली. "मला हे आवडतं, एवढंच."

हे मी शब्द न शब्द सांगितलं. तिवारी सरांनी ते ऐकून प्रिन्सिपल मॅमकडे पाहिलं.

मॅमनी भिंतीकडे पाहत विचारलं, "अलका, आप क्या कहती हैं?"

मम्मी उठून आली. शाळेत मी तिला मॅम म्हणायचे, आणि त्या क्षणी ती मला खरंच कुणीतरी परकी मॅम वाटली. ती इंग्रजीत बोलली, फार शांतपणे. म्हणाली, की ही हुशार आहे यात वाद नाही. पण पेपर तोंडी नसतो आणि तिवारी सर परीक्षेच्या हॉलमध्ये तिच्या शेजारी बसणार नाहीत. ही पहिल्या वर्षी नापास होईल आणि तिला दुसरं वर्ष मिळणार नाही. "मी हे पाहिलेलं आहे," एवढं बोलून ती थांबली.

मॅमनी मधला मार्ग काढला. ऑगस्टच्या पहिल्या चाचणीपर्यंत सायन्समध्ये बसू दे. जमलं नाही तर ह्युमॅनिटीजची जागा ठेवू.

घरी येताना आम्ही तिघी एका सायकलरिक्षात बसलो. मम्मी मध्ये. लूचा गरम वारा वाहत होता, तिघींच्या ओढण्या तोंडावर, त्यामुळे न बोलण्याला सोयीचं कारण होतं. घरी मम्मी सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कुकर असा आपटला की शिट्टीच उडून पडली. पप्पा गुरुग्रामहून आले, बूट काढता-काढता आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "कोण गेलं?"

जेवायला बसल्यावर प्रार्थना मम्मीनेच केली. एकच वाक्य, आणि आमेन. वरण-भात सगळ्यांच्या ताटात पडला. कुणी हात लावेना.

"तू माझं ऐकलं नाहीस," मम्मी मला म्हणाली.

"मम्मी, तू मला खोटं सांगायला लावत होतीस."

"हो," ती म्हणाली. "लावत होते." आणि मग ताटाकडे बघत ती बोलत गेली. मी हे आधी कधी ऐकलं नव्हतं. पप्पांनाही अर्धंच माहीत असावं. गावाकडच्या कॉलेजात सगळं मराठीतून समजावलं जायचं; तिथून बारावी करून ती पुण्याला बी.एस्सी.ला गेली होती. पहिल्याच महिन्यात सरांनी वर्गात प्रश्न विचारला, हिला उत्तर येत होतं, ही उभी राहिली आणि मराठीत सांगायला लागली. वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण त्यांनी 'बस' म्हटलं. त्यानंतर ती वर्गात कधी बोलली नाही. वर्षाच्या शेवटी नापास झाली. आजोबा येऊन घेऊन गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न. बी.ए., बी.एड. तिने दिल्लीला आल्यावर, मी पोटात असताना आणि नंतर, पाळणा हलवत केलं. "नवरा बरा निघाला म्हणून," ती म्हणाली. "तो काही माझ्या हिशोबातला भाग नव्हता. त्या वेळी कुणी मला आर्ट्स घे म्हणालं असतं तर मी पुण्यातच राहिले असते. शिकले असते. कुणी म्हणालं नाही."

वरून एक विमान गेलं. कृपाने वर पाहिलं नाही. तिने विचारलं, "आत्या, पण तुम्हाला पाहिजे काय होतं?"

मम्मीने भातावर वरण कालवलं, एक घास केला, आणि तो हातातच ठेवला.

"केमिस्ट्री," ती म्हणाली.

मग सगळे जेवले.

जुलै आणि ऑगस्ट मला आठवतात ते कृपाच्या पाठमोऱ्या आकृतीने. जेवणाच्या टेबलाशी ती बसलेली, समोर इंग्रजी पुस्तक, शेजारी तिचं जुनं मराठी पुस्तक. फिजिक्सचे मोठे शब्द तिला आठवड्याभरात पाठ झाले. ती अडायची ती बारीक शब्दांना : hence, whereas, respectively. त्यांना पुस्तकाच्या मागे अर्थ दिलेला नसतो. वर्गात कुणी तिला हसलं का, हे मी रोज विचारायचे. ती म्हणायची, "हसतात. पण तिवारी सर आधी माझ्याकडून त्वरण म्हणवून घेतात आणि मग सगळ्या वर्गाला म्हणायला लावतात." मम्मी यात कुठेच नव्हती. ती तिला डबा द्यायची, केस विंचरून द्यायची, आणि अभ्यासाचं एक अक्षर बोलायची नाही.

चाचणीत कृपा फिजिक्समध्ये नापास झाली. गणित आणि केमिस्ट्रीत निभावली, इंग्रजीतही कशीबशी. पण फिजिक्सचा पेपर तिने आणून टेबलावर ठेवला. मी पेपर उलटून पाहिला. सगळ्यांत मोठ्या प्रश्नात तिने पानभर काहीतरी भलतंच सोडवत नेलं होतं. मम्मीने पेपर माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, आणि इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा कृपाच्या शेजारची खुर्ची ओढली.

"हे काय केलंस इथं?"

"हवेचा विरोध धरला," कृपा म्हणाली. "प्रश्नात दिलाय ना. पण त्याचं सूत्र आम्हाला शिकवलंच नाही, म्हणून मी स्वतःच काढायला गेले."

मम्मीने प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. "कृपा, neglect म्हणजे काय?"

कृपाला माहीत नव्हतं.

"सोडून द्या, असं लिहिलंय. हवेचा विरोध सोडून द्या." मम्मीने त्या शब्दावर बोट ठेवलं. "बाई गं, हा प्रश्न तीन ओळींचा होता. आणि तू ते सूत्र काढायला निघालीस?"

"अर्ध्यापर्यंत आलं होतं," कृपा म्हणाली.

कृपाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. तिवारी सरांनी मॅमना तो पेपर दाखवून तिला सायन्समध्येच ठेवून घेतलं. ती अकरावी पास झाली, फार उत्तम नव्हे. बारावीला चांगली झाली. फिजिक्समध्येच एम.एस्सी. केलं, आणि आज ती एका मोठ्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या पेशंटना किरणं किती आणि कुठून द्यायची याची गणितं करते. मामा तिच्याकडे जाऊन राहतात अधूनमधून आणि गावात सगळ्यांना सांगतात, की मीच तिला दिल्लीला धाडली. ती त्यांना सुधारत नाही. पण मला जे लिहून ठेवायचं होतं ते हे नव्हे. हे सगळं नंतरचं आहे, आणि त्या संध्याकाळी यातलं काहीही आम्हाला दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी, पेपर टेबलावर असतानाच, मामांचा फोन आला. मम्मी गॅसवर टाकलेला भात बघायला उठली होती. तिने सवयीने स्पीकर लावला आणि मग हात मागे घ्यायला उशीर झाला.

"झाली का परीक्षा?" मामांनी विचारलं. "मोठा म्हणत होता निकाल लागला असेल."

कृपा टेबलाशी बसलेली होती. मी दारात. पप्पांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, मम्मी म्हणेल अजून निकाल नाही लागला. निदान, बाकी विषयांत पास आहे असं आधी सांगेल. शाळेत त्या दिवशी तिने मला जे सांगायला सांगितलं होतं, ते तिला आता स्वतःलाच सांगता आलं असतं.

"फिजिक्समध्ये नापास झाली आहे," मम्मी म्हणाली.

पलीकडे मामांनी श्वास सोडला. "मग ठरल्याप्रमाणे मी रविवारी निघतो."

"येऊ नकोस, दादा. आलास तर चार दिवस राहा, जेव, दिल्ली बघ. ती येणार नाही तुझ्याबरोबर."

"अलका, आपलं बोलणं झालं होतं."

"झालं होतं. मी मोडते आहे." मम्मीचा एक हात ओट्याची कड धरून होता. "वर्षाच्या शेवटी पुन्हा नापास झाली तर पुन्हा त्याच वर्गात बसेल. माझ्या घरात बसेल."

फोनमधून मामांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता, आणि कुणीतरी भांडं सरकवल्याचा आवाज. मग ते जे म्हणाले ते रागाने नव्हे, खरोखर अडचणीत सापडलेल्या माणसासारखं म्हणाले, "अगं, पण मग इथं भाकरी कोण करणार?"

"तुम्ही तिघं आहात," मम्मी म्हणाली. "सहा हात आहेत." आणि तिने फोन ठेवला. ठेवला म्हणजे ठेवायचा प्रयत्न केला. फोन ओट्याच्या कडेवरून घसरून खाली पडला आणि त्याचं मागचं झाकण निघून फ्रिजखाली गेलं. ते काढायला आम्ही दोघी एकदमच जमिनीवर आडव्या झालो. कृपाचा हात माझ्यापेक्षा आधी पोचला.

"आत्या," ती फ्रिजखालून म्हणाली, "भात लागतोय."